व्हेलचा घोटा आणि मामांचा फॉरवर्ड

फॅमिली ग्रुपवर परत तोच फॉरवर्ड आलाय. म्हणे "एका प्राण्याचा दुसरा होताना मधल्या अवस्थेतला एकही जीवाश्म सापडला नाही, चित्रं सगळी मनाची, आणि आपल्या नाशिकच्या डोंगरात तर एक हाड नाही". सिडकोच्या मामांनी टाकलाय, खाली अंगठ्यांची रांग.

मामा, मधलं काही नाही कसं? व्हेलचंच बघा ना, त्याचे पूर्वज जमिनीवर चालायचे. पाकिस्तानात सापडलेला पाकिसेटस, जवळजवळ 5 कोटी वर्षांपूर्वीचा, चक्क चार पायांवर चालायचा, लांडग्याएवढा. नंतरचा कच्छिसेटस आपल्या कच्छमधला, पाय आखूड झालेले आणि शेपटी ही लांब. आणि बॅसिलोसॉरस म्हणजे पन्नास फुटी धूड पण मागचे पाय जेमतेम हात-दीड हाताचे, त्यावर उभं राहणं शक्यच नाही.

बरं व्हेल जमिनीवरच्या कुणाचे नातेवाईक, हे कशावरून कळलं? घोट्यावरून. बोकडाच्या मागच्या पायात घोट्याचं एक छोटं हाड असतं, त्याच्या वर आणि खाली दोन्हीकडे विहिरीच्या कप्पीसारखी खाच असते. अशी डबल कप्पी फक्त बोकड, गाय, डुक्कर, हरीण या खुरवाल्यांच्या खानदानात. 2001 साली पाकिस्तानातल्या जुन्या व्हेलचे घोटे हाती आले तर तिथे पण सेम डबल कप्पी! म्हणजे व्हेल याच खानदानातले. आजच्या व्हेलला मागचा पायच नाही, मग घोटा कुठून बघणार, म्हणून तर जीवाश्म लागतात.

चित्रांचं थोडं खरंय. पाकिसेटसची आधी कवटीच मिळालेली, तेव्हा त्याला पाण्यात पोहताना दाखवलं होतं, नंतर पाय सापडले आणि चित्र बदलावं लागलं. पण ते बदललं कशामुळे, हाडांमुळेच ना.

नाशिकचं म्हणाल तर पांडवलेणीचा डोंगर म्हणजे थिजलेला लाव्हा, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या आसपासचा. उकळत्या लाव्हात हाड काय राहणार, कढईत बर्फ शोधण्यातला प्रकार. जीवाश्म हवे तर गाळ पाहिजे. दोन लाव्हांच्या मधे जिथे तळं साचलं तिथे मिळतात की, मुंबईत वरळीला तर बेडूक मिळालेत, इवलेसे.

बाकी रविवारी जेवायला येतोच आहे, मामींना म्हणावं नळीबरोबर घोट्याचं हाड पण बाजूला ठेवा.