अपघात झाला आहे का?

आज सकाळी मुलीला शाळेच्या बसमध्ये बसवून परत येताना समोरच्या साइटकडे सहज नजर गेली आणि मी रस्त्यातच थांबलो. सहाव्या मजल्याच्या बाहेरच्या अंगाला बांबूच्या परांचीवर दोन गवंडी प्लास्टर करत होते आणि एक बाई खिडकीतून त्यांना मालाचे घमेले देत होती. गवंड्यांच्या कमरेला पट्टा नव्हता, खाली कुठेही जाळी नव्हती, आणि ते ज्या फळीवर उभे होते ती त्यांच्या प्रत्येक हालचालीबरोबर एका बाजूने उचलली जात असल्याचे मला रस्त्यावरूनसुद्धा दिसत होते.

मी आत गेलो आणि सुपरवायझरला विचारले. पंचविशीतला, बोलायला अतिशय नम्र मुलगा होता. तो म्हणाला, "सर, बेल्ट आहेत ना. ऑफिसात ठेवलेत. साहेब लोक येणार असले की काढतो."

घरी येऊन मी एका सरकारी कार्यालयात फोन केला. दोन ठिकाणांहून तिसरीकडे पाठवल्यावर ज्यांनी माझे बोलणे ऐकून घेतले, त्यांचा पहिला प्रश्न होता, "अपघात झाला आहे का?" मी म्हणालो, नाही, म्हणूनच तर फोन करतो आहे. त्यावर ते म्हणाले, "मग लेखी अर्ज द्या, बघू."

हा प्रश्न दिवसभर डोक्यातून गेला नाही, आणि रात्रीचे अकरा वाजले तरी जात नाही, म्हणून हे लिहायला बसलो आहे.

माझ्या यादीतल्या बऱ्याच मित्रांना ठाऊक नसेल, पण डिप्लोमा झाल्यावरची पहिली चार वर्षे मी साइटवर काढली आहेत. २०१२ साली पुण्याच्या पश्चिमेकडे एका बारा मजली इमारतीवर मी ज्युनियर इंजिनियर होतो. ऑगस्टमधल्या एका गुरुवारी संध्याकाळी मराठवाड्यातला एक बिगारी तिसऱ्या मजल्यावरून लिफ्टच्या डक्टात, म्हणजे लिफ्टसाठी सोडलेल्या उभ्या पोकळीत, पडला. डक्टाच्या तोंडावर आडव्या टाकलेल्या फळ्या त्या दिवशी तिथे नव्हत्या आणि मजल्यावर दिवाही नव्हता. रुग्णालयात नेईपर्यंत तो गेला होता.

शुक्रवारी रात्री साइटवर चाळीस पिवळी हेल्मेट आली. बिल माझ्याच हातात दिले होते म्हणून आकडा पक्का लक्षात आहे, ४,४०० रुपये. शनिवारी सकाळी मी ती स्वतः वाटली. काहींच्या आतली प्लॅस्टिकची पिशवीसुद्धा काढलेली नव्हती. दुपारी तपासणीला साहेब आले, त्यांनी पिवळी डोकी पाहिली, कागदावर लिहिले की कामगारांना हेल्मेट पुरविण्यात आलेली आहेत, आणि त्या ओळीखाली साइटच्या वतीने मी सही केली. सोमवारी सगळी हेल्मेट स्टोअरमध्ये परत जमा झाली.

लिफ्टच्या डक्टात तीन मजले खाली गेलेल्या माणसाला हेल्मेटाचा काही उपयोग झाला नसता. त्याला डक्टासमोर एक कठडा हवा होता आणि एक दिवा हवा होता. पण कठड्याबद्दल त्या कागदावर एक अक्षर नव्हते, कारण साहेब आले तेव्हा फळ्या जागेवर होत्या. त्या शुक्रवारी सकाळीच बसवल्या होत्या.

कायदा नाही असे कोणी म्हणू नये. बांधकाम कामगारांसाठीचा स्वतंत्र केंद्रीय कायदा १९९६ सालचा आहे. महाराष्ट्राला त्याचे नियम करायला २००७ उजाडले आणि कल्याणकारी मंडळ तर २०११ मध्ये स्थापन झाले, म्हणजे या प्रगत म्हणवणाऱ्या राज्याने पंधरा वर्षे नुसती घालवली, पण तेही सोडून देऊ. त्या कायद्यात सुरक्षेचे नियम मोडल्याची शिक्षा काय होती? तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. माझ्या हातातले हेल्मेटांचे बिल त्या दंडाच्या दुपटीहून अधिक होते. ज्या मालकाला हिशेब येतो, तो काय करील हे सांगायला इंजिनियर लागत नाही. शिवाय गुन्हा अधिकाऱ्यांच्या लक्षात आल्यापासून तीन महिन्यांत तक्रार दाखल झाली नाही, तर न्यायालयाला दखलही घेता येत नसे. तीन महिने तर साइटवरून कार्यालयापर्यंत कागद पोहोचण्यातच जातात.

आता तो कायदा जाऊन त्याच्या जागी कामाच्या ठिकाणच्या सुरक्षेची नवी संहिता आली आहे, २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती लागू झाली. तिच्यात दंड पुष्कळ वाढवला आहे. कर्तव्यात कसूर केल्यामुळे कामगाराचा मृत्यू झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान पाच लाख रुपये दंड, आणि दंडातली निम्मी रक्कम तरी वारसांना देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते. हे चांगले झाले, मी मोकळ्या मनाने म्हणतो. पण मोठी शिक्षा पुन्हा माणूस मेल्यावरच आहे. आज समोरच्या परांचीवर उभे असलेले दोघे जिवंत आहेत, आणि ते जिवंत आहेत तोपर्यंत त्यांच्यासाठी कोण येणार आहे? निरीक्षकाला आता निरीक्षक आणि सुविधाकार अशी दोन नावे दिली आहेत. सुविधा कोणाला आणि कशाची, हे मला आजच्या फोननंतर विचारावेसे वाटते.

सरकारकडे माणसे नाहीत, एकेका अधिकाऱ्याकडे इतक्या साइट आहेत की तो पोहोचू शकत नाही, हे उत्तर मला पाठ झाले आहे आणि ते मला पटत नाही. बांधकामाच्या खर्चाच्या एक टक्का उपकर सरकार कामगारांच्या कल्याणासाठी घेते ना? तो भरल्याची पावती दाखवल्याशिवाय महापालिका परवानगी देत नाही. कोण्या बिल्डरच्या मागे त्यासाठी निरीक्षक धावत नाही, पावती नाही तर परवानगी नाही, इतक्या साध्या अटीवर ती यंत्रणा चालते आणि मंडळाकडे आजवर हजारो कोटी रुपये जमा झाले आहेत. तसेच जोते, म्हणजे प्लिंथ, झाल्यावर जोते तपासणीचा दाखला घ्यावा लागतो, तो नसेल तर पुढचे काम अनधिकृत ठरते. म्हणजे इमारत कागदावरच्या रेषेबाहेर अर्धा फूट सरकली तर ते पाहायला यंत्रणा आहे. मग त्याच वेळी जाळी कुठे बांधणार, डक्टांना कठडे कधी लावणार, पट्टे अडकवायची दोरी कुठून कुठे जाणार, हे लिहून घेऊन प्रत्येक टप्प्यावर ते पाहिल्याशिवाय वर जाऊ द्यायचे नाही, असे का करता येत नाही? पैसे वसूल करायचे असतात तेव्हा शासनाला सगळे जमते, हे मी रागाने लिहितो आहे आणि ते तसेच राहू द्या.

कामगार स्वतःच पट्टा काढून ठेवतात, असे उद्या कोणीतरी खाली लिहील. काढतात, मी पाहिले आहे. पण का काढतात ते साइटवर उभे राहून पाहा. प्लास्टरचे काम बहुतेक ठिकाणी अंगावर दिलेले असते, चौरस फुटाला अमुक इतके. पेटी ठेकेदाराने, म्हणजे मुख्य ठेकेदाराच्या हाताखालच्या छोट्या ठेकेदाराने, कामगाराला गावाकडूनच उचल देऊन आणलेले असते आणि ती फेडायची असते. पट्ट्याचा हूक चार हात सरकायचे म्हटले की काढायचा आणि पुन्हा लावायचा, त्यात वेळ जातो आणि तो वेळ त्याच्या मजुरीतून जातो. शिवाय हूक लावायचा कुठे? पट्टा विकत मिळतो, पण तो अडकवायला भक्कम आडवी दोरी लागते, आणि ती दोरी इमारतीच्या खांबाला बांधलेली असावी लागते. बहुतेक साइटवर ती नसतेच, म्हणून हूक त्या परांचीच्याच बांबूला लावतात. परांची कोसळली तर पट्टा लावलेला माणूस तिच्यासकट खाली जातो. हे तपासायला पाच मिनिटे लागतात आणि वर चढायची तयारी लागते. खालून हेल्मेट मोजून हे कळत नाही.

तपासणी वाढली की हप्ते वाढतील, हेही खरे असेल. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही, पण म्हणून तपासणीच नको हे मी ऐकून घेणार नाही.

बालेवाडीला २०१६ च्या जुलैमध्ये स्लॅबबरोबर नऊ कामगार खाली आले. कोंढव्यात २९ जून २०१९ ला मध्यरात्रीनंतर सोसायटीची भिंत शेजारच्या साइटवरच्या मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांवर पडली आणि झोपेतच पंधरा जण गेले, त्यांत मुले होती. येरवड्याला २०२२ च्या फेब्रुवारीत सळयांचा सांगाडा कोसळून पाच. समृद्धी महामार्गावर शहापूरजवळ २०२३ मध्ये गर्डर बसवणारे यंत्र पडून वीस. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ठाण्याला चाळीस मजली इमारतीच्या गच्चीवरचे काम संपवून खाली येणारी लिफ्ट तुटून सात. ही नावे मला यादी पाहून लिहावी लागत नाहीत. प्रत्येक बातमीच्या दिवशी मला ती चाळीस पिवळी हेल्मेट आठवली आहेत. एकाच वेळी पाच-दहा माणसे गेली तर निदान बातमी तरी होते. एकटा माणूस डक्टात पडतो तेव्हा आतल्या पानावर चार ओळी येतात, त्यासुद्धा पोलिसांत नोंद झाली तर. माझ्या साइटवरच्या त्या माणसाच्या चार ओळीही आल्या नव्हत्या.

घर घेणाऱ्या आपल्यासारख्या लोकांनाही मला काही विचारायचे आहे. मी स्वतः तीन वर्षांपूर्वी फ्लॅट घेतला. गृहप्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या महारेराच्या संकेतस्थळावर मी ताबा कधी मिळणार ते पाहिले, चटई क्षेत्र पाहिले, पार्किंग पाहिले, जमिनीवर दावा आहे का तेही पाहिले. हे घर बांधताना किती माणसे जखमी झाली आणि कोणी दगावले का, हे मला तिथे कुठे दिसले नाही. खरे सांगायचे तर मी ते शोधलेही नव्हते, आणि मी तर साइटवर काम केलेला माणूस आहे. ही माहिती प्रत्येक प्रकल्पाच्या पानावर सक्तीने टाकली, तर दंडाला न भिणारा बिल्डर ग्राहकाला भिईल असे मला वाटते.

त्या बिगाऱ्याची बायको त्याच साइटवर होती. स्लॅबला आणि भिंतींना पाणी मारण्याचे काम ती करत असे. त्याची मंडळाकडे नोंदणी नव्हती, कारण नव्वद दिवस काम केल्याचा दाखला पेटी ठेकेदाराने दिलेलाच नव्हता. त्यामुळे मंडळाची मदत मिळण्याचा प्रश्न आला नाही. ठेकेदाराने साठ हजार रुपये रोख दिले आणि एका कागदावर तिचा अंगठा घेतला. कामगारांच्या नुकसानभरपाईचा कायदा तेव्हा या देशात होता, १९२३ पासून होता, त्याखाली तिला कितीतरी अधिक मिळायला हवे होते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. आज ठाऊक आहे, पण ती कुठे आहे ते ठाऊक नाही.

रविवारी ती गावाला निघाली. टेम्पोत सामान चढवून झाल्यावर ती माझ्याकडे आली. मला वाटले, राहिलेल्या आठवड्याच्या पगाराचे विचारील. तिने विचारले, "साहेब, फळी कुणी काढली हो?"

मी म्हणालो, मला माहीत नाही.

फळ्या मी काढायला सांगितल्या होत्या. पाच वाजता काँक्रीटची गाडी येणार होती, सेंट्रिंगला, म्हणजे स्लॅबखालच्या साच्याला, फळ्या कमी पडत होत्या, आणि स्टोअरमधून नव्या मागवल्या असत्या तर गाडी थांबून राहिली असती. डक्टावरच्या काढा, स्लॅब झाला की परत टाकू, असे मी त्या दुपारी सेंट्रिंगच्या मुकादमाला म्हणालो होतो. मी चोवीस वर्षांचा होतो, मला कोणी शिकवले नव्हते, माझ्यावरही वरून दबाव होता, हे सगळे मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिले आहे. शनिवारी आलेल्या साहेबांनी मला एकच प्रश्न विचारला असता, की काल सकाळी बसवलेल्या या फळ्या परवा कुठे होत्या, तर मी त्यांच्यासमोर खोटे बोलू शकलो नसतो असे मला वाटते. त्यांनी विचारले नाही. आणि अपघाताच्या आधीच्या आठ महिन्यांत त्या साइटवर कोणी एकदाही आले असते, तर डक्टावरच्या फळ्यांना हात लावायची मुकादमाची आणि माझी छाती झाली नसती.

समोरच्या सुपरवायझरवर सकाळी मी आवाज चढवला. तो मुलगा मी तेव्हा होतो त्याच वयाचा आहे आणि त्यालाही पाच वाजताची गाडी असणार, हे संध्याकाळी लक्षात आले. म्हणून सात वाजता पुन्हा गेलो, त्याला बाजूला घेऊन डक्टाची ही सगळी हकिकत सांगितली. तो काही बोलला नाही. त्याने मला टॉर्च घेऊन वर नेले आणि लिफ्टचे डक्ट दाखवले. पाच मजल्यांवर फळ्या आहेत, दुसऱ्यावर नाहीत. आम्ही दोघांनी तिथे दोन आडव्या पट्ट्या तारेने बांधल्या आणि त्यांना एक लाल कापड लावले. परांचीचे मात्र ठेकेदाराला विचारावे लागेल, असे तो म्हणाला.

लेखी अर्ज मी लिहून ठेवला आहे, फोटो जोडले आहेत, आणि उद्या साडेदहाला स्वतः नेऊन देणार आहे. पोचपावती घेतल्याशिवाय उठणार नाही. पुण्यातल्या मित्रांपैकी कोणाला बरोबर येता येत असेल, तर आज रात्रीच कळवा.