‘हॅलोविन’ बघताना झोप आली? आधी टीव्हीची सेटिंग्ज बघू

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया सविस्तर आहे, तेव्हा उत्तरही ऐसपैस देतो.

३१ ऑक्टोबरच्या, म्हणजे हॅलोविन सणाच्या, आसपास बघायच्या भयपटांच्या माझ्या यादीतले तीन चित्रपट तुम्ही बघितलेत आणि तिन्हींवर फुली मारलीत. जॉन कारपेंटरचा १९७८चा ‘हॅलोविन’ संथ, रक्ताचा पत्ता नाही, मारेकरी मायकेल मायर्सचा मुखवटा दोन रुपयांचा, अर्धा वेळ अंधारात काही दिसत नाही, आणि ऑक्टोबर म्हणे, पण झाडं हिरवीगार. ‘नोस्फेराटू’तलं पिशाच उन्हाने मरतं, तरी भरदुपारी शवपेटी काखेत मारून गावभर हिंडतं. ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ म्हणजे करड्या रंगाचा लगदा. वर टोला: “जुनं आहे म्हणून आमच्या गळ्यात मारू नका.”

झाडांचं आधी कबूल करून टाकू. गोष्ट इलिनॉयमधल्या हॅडनफील्ड नावाच्या काल्पनिक गावात, ऑक्टोबरअखेर घडते. चित्रीकरण झालं कॅलिफोर्नियात, साउथ पॅसडेना आणि हॉलिवूडच्या गल्ल्यांमध्ये, तेही वसंत ऋतूत. खाली रस्त्यावर दिसतो तो पाचोळा रंगवलेला आहे. एका शॉटसाठी पसरायचा, शॉट झाला की गोळा करून पुढच्यासाठी पुन्हा पसरायचा. वरची झाडं कोण रंगवणार? नीट बघितलंत तर एखादं ताडासारखं झाडही सापडेल. सुमारे तीन लाख डॉलर आणि वीस-एक दिवसांत उरकलेलं काम आहे ते.

मुखवट्याच्या किमतीचा अंदाजही फारसा चुकलेला नाही, फक्त रुपयांच्या जागी डॉलर घाला. ‘स्टार ट्रेक’मधल्या कॅप्टन कर्कचा दुकानात मिळणारा रबरी मुखवटा आणला, भुवया आणि कल्ले काढले, डोळ्यांची भोकं मोठी केली, केस विसकटले आणि चेहऱ्यावर पांढरा रंग फवारला. त्यावर राग, आनंद काहीच वाचता येत नाही, आणि पांढरा असल्यामुळे जेमतेम उजेडही तो पकडतो. या दुसऱ्या गुणाकडे पुन्हा यायचंच आहे.

‘काही दिसत नाही’ हे मात्र मान्य नाही. त्याचं कारण तुमच्याच प्रतिक्रियेत आहे: ५५ इंची टीव्ही, काळ्या पट्ट्या नकोत म्हणून झूम, चित्र ‘व्हिव्हिड’ या भडक मोडवर, हॉलमधली ट्यूब चालू.

आधी झूम. हा सिनेमा २.३५:१ अशा (रुंदी उंचीच्या २.३५ पट) रुंद चौकटीत चित्रित झाला आहे. ५५ इंची पडद्यावर चित्राची उंची साधारण ५२ सेंटीमीटर भरते आणि वर-खाली आठ-आठ सेंटीमीटरच्या पट्ट्या उरतात. त्या घालवायला झूम दाबलंत की दोन्ही बाजूंचं मिळून जवळजवळ पाव चित्र पडद्याबाहेर जातं. जुन्या चौकोनी टीव्हीसाठी कापलेल्या प्रतीत तर ४३ टक्के जायचं. एरवी एखाद्या सिनेमात ते चालून गेलं असतं. इथे भीतीचा मुक्कामच कडेला आहे. नायिका लॉरी मायर्सच्या ओसाड घराच्या दारात किल्ली ठेवते आणि गुणगुणत रस्त्याने लांब जाऊ लागते. ती लहान लहान होत जाते आणि चौकटीच्या कडेने एक खांदा आत येतो. ना दचकवणारा आवाज, ना चेहरा. कड कापली गेली तर उरते ती रस्त्याने चाललेली मुलगी. तिला बघून झोपच येणार.

आता अंधार. शेवटच्या भागात लॉरी रडत, हादरून भिंतीला टेकते आणि तिच्या शेजारी एक काळंकुट्ट दार असतं. काही क्षण त्यात काहीच नाही. मग त्या काळ्यातून पांढुरका चेहरा वर येतो. कुणी पुढे पाऊल टाकलेलं नाही. माणूस आधीपासून तिथेच उभा आहे. सिनेमॅटोग्राफर डीन कंडी यांनी मुखवट्यावरचा बारीकसा दिवा डिमरने हळूहळू वाढवला, इतकंच. अंधाराला सरावलेल्या डोळ्याला जसं उशिरा दिसू लागतं, तसं. भीती त्या संथपणातच आहे, आणि तुमचा टीव्ही नेमका तोच मोडतो. ‘डायनॅमिक कॉन्ट्रास्ट’ चालू असेल तर टीव्ही दर दृश्यात काळं-पांढरं आपल्या मनाने ओढतो. मग चेहरा उगवत नाही, टप्प्याटप्प्याने उडी मारतो किंवा काळ्यात गडप होतो. वर ट्यूबचा उजेड काचेवर, म्हणजे काळ्या दारात तुमचाच सोफा.

तेव्हा एवढं करा. चित्र ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ मोडवर टाका. डायनॅमिक कॉन्ट्रास्ट, वीजबचत आणि खोलीतल्या उजेडानुसार आपोआप ब्राइटनेस बदलणारा सेन्सर बंद. चित्र गुळगुळीत करणारी सोय बंद: सोनीत ती ‘मोशनफ्लो’, एलजीत ‘ट्रूमोशन’, सॅमसंगच्या बऱ्याच मॉडेलांत ‘ऑटो मोशन प्लस’. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींचा, ही सोय मधल्या चौकटी स्वतःच्या पदरच्या घालते. सुरुवातीचा लांबलचक शॉट, जो आपण मारेकऱ्याच्या डोळ्यांनी बघतो, तो अंगावर पेललेल्या पॅनाग्लाइड कॅमेऱ्याने घेतलेला आहे. त्याचं ते तरंगतं, किंचित डुलतं चालणं गुळगुळीत झालं की रात्री साडेआठची मालिका दिसायला लागते.

मग त्या दाराच्या दृश्यावर थांबा. चेहरा यायच्या आधी दारात राखाडी धुकं दिसत असेल तर ब्राइटनेस जास्त आहे, दोन-तीन अंकांनी उतरवा. चेहरा पूर्ण आल्यावरही नाक-गाल वेगळे न दिसता नुसता डाग दिसत असेल तर कमी आहे. ट्यूब बंद. मिट्ट काळोख सोसवत नसेल तर टीव्हीच्या मागे एक छोटा दिवा ठेवा, समोर नको.

प्रतही तपासा. मूळ सिनेमा ९१ मिनिटांचा. १०१ मिनिटांचा असेल तर ती अमेरिकी टीव्हीसाठी नंतर दृश्यं जोडलेली आवृत्ती, पहिल्यांदा बघायला नको. ८७ मिनिटांतच संपला तर बहुधा ‘पाल’ (PAL) या टीव्ही-पद्धतीची जुनी डीव्हीडी: चार टक्के जास्त वेग, आणि संगीतही वरच्या पट्टीत. रात्रीचा निळसरपणाही प्रतीगणिक बदलतो. २०१३ची, ३५ वर्षांनिमित्त निघालेली ब्लू-रे कंडी यांच्या देखरेखीखाली झालेली आहे, रंगांसाठी ती धरा.

आवाजाबद्दल तुम्ही चकार शब्द काढला नाहीत, म्हणजे बहुधा तो बारीक होता. कारपेंटरने संगीताशिवायची प्रत स्टुडिओतल्या एका बाईंना दाखवली होती, त्यांनाही अजिबात भीती वाटली नव्हती. तुम्ही एकटे नाही! मग कारपेंटरने स्वतःच संगीत केलं. मुख्य धून पाश्चात्त्य हिशोबाने ५/४ मध्ये आहे. टाळी देऊन मोजाल तर दहा मात्रा भरतात, झपतालाइतक्याच, पण खंड २-३-२-३ असे नाहीत, ३-३-२-२ असे आहेत. पहिल्या दोन तिनांत कान स्थिरावतो, आणि पुढचं पाऊल दोनवरच पडतं. दर आवर्तनात लंगडल्यासारखं होतं, म्हणून ती धून ओळखीची झाली तरी अंगवळणी पडत नाही. टीव्हीचा ‘नाइट मोड’ किंवा ‘ऑटो व्हॉल्यूम’ बंद ठेवा, तो शांतता फुगवतो आणि धक्का दाबतो. मूळ मोनो (एकाच वाहिनीचा) ट्रॅक असेल तर तोच निवडा. दिवाळी जवळ असेल तर दिवस बदला. २०२४ मध्ये ३१ ऑक्टोबरलाच नरक चतुर्दशी होती. बाहेर सुतळी बॉम्ब वाजत असताना हा सिनेमा लावणं म्हणजे पैसे आणि रात्र दोन्ही वाया.

‘नोस्फेराटू’ची तक्रार तर तुम्ही अचूक पकडलीत, फक्त आरोपी चुकला. १९२२च्या त्या मूकपटात रात्रीची दृश्यं दिवसाउजेडीच चित्रित केली आणि प्रिंट निळी रंगवली. निळं म्हणजे रात्र, पिवळं म्हणजे दिव्याचा उजेड, गुलाबी म्हणजे पहाट. इंटरनेटवरच्या बऱ्याच फुकट प्रतींत रंग गळून गेले, उरलं काळं-पांढरं, म्हणून काउंट, म्हणजे ते पिशाच, भरदुपारी फिरतोय असं दिसतं. गोष्ट ‘ड्रॅक्युला’वरून विनापरवानगी उचललेली, म्हणून ‘ड्रॅक्युला’कार ब्रॅम स्टोकर यांच्या पत्नीने खटला घातला आणि जर्मन न्यायालयाने सगळ्या प्रती नष्ट करायचा हुकूम दिला, त्यातून वाचल्या त्या तुकड्यातुकड्यांनी. मुरनाऊ फाउंडेशन या जर्मन संस्थेने जीर्णोद्धार केलेली, रंगांसहितची प्रत शोधा, ती सुमारे ९४ मिनिटांची आहे. तासाभरात आटोपला असेल तर तुम्ही जास्त वेगाने पळवलेला किंवा तुटका सिनेमा बघितलात.

‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’चंही दुखणं कायद्यातलंच. १९६८ मध्ये वितरकाने ऐन वेळी नाव बदललं आणि नव्या नावाच्या पाटीवर कॉपीराइटची ओळ टाकायची राहिली. त्या वेळच्या अमेरिकी कायद्यानुसार ओळ नाही तर हक्क नाही. मग ज्याला वाटेल त्याने प्रतीची प्रत, तिची प्रत काढली. तुमचा लगदा तिथला. मूळ निगेटिव्हवरून केलेली फोर-के आवृत्ती २०१८ मध्ये क्रायटेरियन या कंपनीने काढली आहे, त्यात शर्टाच्या सुरकुत्याही दिसतात. इथे चित्र चौकोनी, म्हणून पट्ट्या डाव्या-उजव्या बाजूला येतील. त्या बरोबर आहेत, ताणू नका.

यादीत एक चूक माझी, आणि ती तुम्ही दाखवलीत. ‘हॅलोविन ३’ (१९८२) मी ‘मायकेल मायर्सची पुढची कथा’ म्हणून टाकला होता. त्यात मायकेल नाहीच. मुलांना विकल्या जाणाऱ्या मुखवट्यांची ती वेगळीच गोष्ट आहे, पहिल्या दोन भागांशी काही देणंघेणं नाही. ओळ दुरुस्त केली आहे. पहिला पुन्हा बघणार असाल तर झूम काढून, ट्यूब बंद करून बघा, आणि त्या किल्लीच्या दृश्यात खांदा दिसला का ते कळवा.