पाना कुणाच्या हातात?

गावाकडच्या ग्रुपवर परवा पुन्हा तोच वाद, आयआयटीत मुलींना जादा सीट्स कशाला, मेरिटवर या की. अरे बाबांनो, 2018 पासून त्या सीट्स वर वाढवून दिल्यात, मुलांच्या काढून नाही, हे मी दोनदा टाइप केलं, तिसऱ्यांदा सोडून दिलं. (तेवढ्यात कुणीतरी सीमाप्रश्न काढलाच, मग काय, रात्रभर.)

मला सीटपेक्षा भलतंच खुपतं. बाबांचं बेळगावच्या उद्यमबागला, कारखान्यांच्या वसाहतीत, लेथचं वर्कशॉप होतं, सुट्टीत खानापूरहून बसनं मी आणि भाऊ दोघंही जायचो, तो चकमध्ये, म्हणजे लेथच्या पकडीत, जॉब (घडवायचा लोखंडी तुकडा) धरायचा आणि मी बिलं लिहायचे, अक्षर चांगलं म्हणून. त्या चांगल्या अक्षरानं माझा किती घात केला ते इथं मिशिगनला आल्यावर कळलं.

इथं शनिवारी शाळेच्या रोबोटिक्स टीमला मदत करते. फर्स्ट नावाच्या संस्थेची शाळांसाठीची रोबोंची स्पर्धा, जानेवारीत गेम जाहीर होतो आणि थोड्याच आठवड्यांत 50-एक किलोचा रोबो उभा करायचा. टीममध्ये निम्म्या मुली, फोटो झकास येतो. पण एक दिवस नुसतं बघत बसले तर कामाच्या नोंदींचं नोटबुक मुलीकडे, स्पॉन्सरची पत्रं मुलीकडे, पोस्टरही मुलीकडेच. एकजण गिअरबॉक्सचा बोल्ट आवळत होती, अ‍ॅलन की (षटकोनी पाना) जरा सटकली, लगेच शेजारच्या पोरानं ती हातातून काढूनच घेतली. वाईट नाही हो पोरगा, मदतच करत होता. ती थोडा वेळ तशीच उभी राहिली, मग गेली स्टिकर कापायला.

आता नियम केलाय, शिकवणाऱ्याचे हात मागे. तोंडानं सांगा, बोल्ट दहादा सटकू दे. आणि ड्रिलिंग, वायरिंग, नोटबुक सगळं आळीपाळीनं, पोरांनीसुद्धा. काम रखडलं, आईबाप कुरकुरले, एका मॅचला रोबो अख्खी अडीच मिनिटं जागेवरच. असू दे.

मोठ्या उत्साहानं हे भाचीला फोनवर सांगितलं, ती बेळगावात मेकॅनिकलला आहे, कॉलेजच्या टीममध्ये. म्हणाली, "आत्या, नियम भारी हाय, पण आमच्या हॉस्टेलचं गेट सातला बंद होतं आणि पोरं काम सुरू करतात आठला. हात मागे घ्यायला आधी मी तिथं असायला पाहिजे की."

उशिरा थांबायचं तर घरून पत्र लागतं. ते तिच्या वडलांनी अजून दिलेलं नाही. तोच, चकमध्ये जॉब धरणारा.