सुकटीचा पंचनामा

काल माझी सुकट बाल्कनीच्या कठड्याला लटकवण्यात आली. फाशी दिल्यासारखी. पिशवीला चिठ्ठी: ‘हे कुणाचं? आणि हे काय?’

स्थळ आंतिब. नीस आणि कानच्या मधलं फ्रेंच बंदर. एका यॉटवरून उतरून दुसरी मिळेपर्यंत आम्हा खलाशी-स्वयंपाकी मंडळींनी पडून राहायचं ते क्रू हाउस. बंकवर बंक, आठवड्याचं भाडं आगाऊ, फ्रिजमध्ये माणशी अर्धा कप्पा. माझ्या अर्ध्या कप्प्यात आईने मालवणहून बांधून दिलेली सुकट होती. तीन पिशव्या, वर डबा. यापुढे मनुष्याच्या हातात काही नाही.

चिठ्ठीवाली बाई चीफ स्टुअर्डेस, यॉटच्या आतली साफसफाई आणि वाढप सांभाळणारी मुख्य. म्हणजे होती, सध्या माझ्यासारखीच बेकार. यॉटवर नळाच्या बुडाची, बिजागरीतली धूळ कान कोरायच्या कापसाच्या काडीने काढतात. थट्टा नाही, ते रीतसर काम आहे. बाईंची नोकरी सुटली, काडी सुटली नाही. पहाटे सहाला ती आमच्या सामायिक बाथरूमच्या नळाला काडी फिरवते आणि टॉयलेट पेपरच्या टोकाची त्रिकोणी घडी घालते. बाहेर पाच जण पाय आवळून उभे असतात.

"फ्रिजमध्ये काहीतरी मेलंय," ती म्हणाली.

"मेलंय खरं. पण मे महिन्यात. मग उन्हात वाळवलंय."

"मुद्दाम?"

"मुद्दाम."

ती जरा वेळ गप्प. "आणि मग त्याचं करता काय?"

"खातो. कांदा, ओलं खोबरं, कोकम..."

"तू बोटीवर काय काम करतोस म्हणालास?"

"शेफ."

तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मिळेल रे काहीतरी."

तो हात मला अजून टोचतोय. हीच बाई माशाची खारवलेली अंडी शिंपल्याच्या चमच्याने वाढते. धातूचा चमचा लागला तर म्हणे चव बिघडते. त्या माशाला वास नव्हता? होता. पण तो श्रीमंत माशाचा होता.

मुंबईत धोबीतलावला गोव्याच्या खलाशांच्या कुडी, म्हणजे उतरायच्या जागा, आहेत. गावागावाची आपली कूड. बोटीवरून उतरलेला माणूस तिथे आपली पेटी ठेवायचा, पुढची बोट लागेपर्यंत पथारी पसरायचा आणि संध्याकाळी सगळ्यांबरोबर रोझरी म्हणायचा. तिथे कुणी खाऱ्या बांगड्याला चिठ्ठी लावली असेल, असं मला वाटत नाही. रोझरी चुकवल्याबद्दल बोलणी बसत असतील, ती परवडली.

आईला फोन केला. "जाव दे रे, तिका काय कळता?" खरं आहे. पण रोज सकाळी मी इस्त्रीचा पोलो घालून, सीव्हीची चळत घेऊन व्होबाँ बंदराच्या धक्क्यावर बोटीबोटीपुढे उभा राहतो, तिथेही कुणाला काही कळत नाही. एसटीसीडब्ल्यू, म्हणजे खलाशाच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, आहे? आहे. मेडिकल? आहे. पासपोर्ट कुठला? भारताचा. की समोरच्याचं नाक तसंच, फ्रिज उघडल्यासारखं. शेंगेनचा, म्हणजे युरोपच्या सामायिक व्हिसाचा, नियम: १८० दिवसांत ९० दिवसच राहायचं. माझे ६१ गेले. घरमालकाला दर आठवड्याला पैसे मिळतात, मला दर आठवड्याला ‘कळवतो’.

आज पहाटे बाल्कनीत आरडाओरडा. समुद्रपक्ष्यांनी पिशवी फोडली होती. तिन्ही. कठड्यावर, फरशीवर, कुणाच्या तरी वाळत घातलेल्या पांढऱ्या पोलोवर सुकट आणि त्यानंतरचं सगळं. बाई गुडघ्यांवर बसून काड्यांनी कठड्याची नक्षी साफ करत होत्या.

"भरपाई कोण देणार?" मी विचारलं.

"निदान त्यांना तरी आवडलं," ती म्हणाली. मग मान वर न करता, "मला एका बोटीचा फोन आलाय. त्यांना शेफही हवाय म्हणे." आणि एक काडी माझ्याकडे धरली.

मी घेतली.