पिनांगमध्ये शाकाहारी उपाशी राहत नाही, चुकीच्या पाटीखाली बसतो

मलेशियातल्या पिनांग बेटावरच्या जॉर्जटाउनबद्दल एक मजकूर मराठी प्रवासी गटांत पुन्हा पुन्हा फिरतो. म्हणणं असं: शाकाहाऱ्याने ठेपले बांधून न्यावेत, रस्त्यावर खाल्लं की पोट बिघडणारच, मशिदी-मंदिरांत परक्याला आत घेत नाहीत, आणि भिंतीवरची चित्रं पाहिली की अर्ध्या दिवसात गाव संपतं.

ठेपल्यांपासून सुरुवात करू. फसगत होते ती खरी, पण ती शब्दाने होते. मलायमध्ये ‘सायुर’ म्हणजे भाजी. सायुर मागितलं की पुढ्यात हिरवीगार कांगकोंग येते, म्हणजे आपली नाळीची भाजी, पण ती बेलाचानमध्ये परतलेली. बेलाचान म्हणजे बारीक कोळंबी, आपल्याकडचा जवळाच, मीठ लावून आंबवून वाळवलेली वडी. कोकणातल्या माणसाला ती ताट समोर येण्याआधीच वासावरून कळते. रोजाक म्हणजे फळं-काकडीचे तुकडे, पण वरची काळी चटणी कोळंबीची. आसाम लाक्सा चिंचेने आंबट होतो. रस्सा मात्र बांगड्याचा. नासी लमाक म्हणजे नारळाच्या दुधातला भात, पण त्याच्या साम्बालात, म्हणजे तिखट चटणीत, सुकी मासळी असते. नासी कंदारच्या, म्हणजे भात नि वेगवेगळ्या रश्श्यांच्या, दुकानात भेंडी वेगळ्या भांड्यात दिसते खरी, पण वाढणारा हात सवयीने चार रस्से भातावर एकत्र ओततो. ती त्या जेवणाची खासियतच आहे, तेव्हा त्याच्याशी भांडू नये.

‘दागिंग (मांस) नको’ एवढं सांगून भागत नाही. कोंबडी, मासे, कोळंबी दागिंगमध्ये कोणी धरत नाही. पूर्ण वाक्य असं: ‘साया ताक माकान दागिंग, आयाम, इकान, उदांग, बेलाचान’, म्हणजे मी मांस, कोंबडी, मासे, कोळंबी, बेलाचान खात नाही. अंडं नको असेल तर ‘तेलुर’ जोडा. पण त्याहून सोपा उपाय पाटी ओळखण्याचा. चिनी शाकाहारी दुकानावर दोन अक्षरं असतात. पहिल्यात वर तीन आडव्या रेघा, त्यांना छेदणारी एक उभी, आणि खाली धाग्याच्या लडीचं चिन्ह. दुसरं छपरासारखं सुरू होतं. शेजारी बऱ्याचदा आपल्या स्वस्तिकाच्या उलट फिरणारं स्वस्तिक असतं. ते बौद्ध चिन्ह आहे. अशा दुकानांत कांदा-लसूणही बहुधा नसतो, त्यामुळे जैन मंडळींची सोय हॉटेलच्या ‘इंडियन’ बुफेपेक्षा इथे बरी होते. ताटात बदकाचा तुकडा दिसला तर दचकू नका, तो सोयाचा किंवा गव्हाच्या ग्लुटेनचा असतो. अशा नकली मांसात कधी अंड्याचा पांढरा भाग असतो, तेवढं विचारून घ्या.

चिनी पंचांगातल्या प्रतिपदेला आणि पौर्णिमेला अनेक घरं शाकाहार पाळतात, तेव्हा या दुकानांत गर्दी असते. नवव्या महिन्याचे पहिले नऊ दिवस तर नऊ सम्राट देवांचा उत्सव असतो: पिवळे झेंडे आणि रस्तोरस्ती शाकाहारी गाड्या. बहुतेक वर्षी तो आपल्या नवरात्राबरोबरच येतो. अधिक महिन्याचा मेळ चुकला की दोन्हींत महिन्याचं अंतर पडतं.

गोड खाणाऱ्याची अडचण नाहीच. चेन्डोल म्हणजे पानदान नावाच्या सुवासिक पानाच्या रसातल्या हिरव्या शेवया, नारळाचं दूध, ताडगूळ, राजमा आणि बर्फ. लिटल इंडियात केळीच्या पानावरचं जेवण मिळतं. मामाकांच्या, म्हणजे तमिळ मुसलमानांच्या, दुकानात ‘रोटी कोसोंग’ म्हणजे साधी रोटी मागा आणि वर ‘डाल साजा’ (फक्त डाळ) म्हणा, नाहीतर वाटीत माशाचा रस्सा येईल.

पोट बिघडण्याचं म्हणाल तर गाडीला दोष देण्याआधी पदार्थ पाहा. खरा धोका ‘चार क्वे त्याओ’ या तांदळाच्या परतलेल्या पट्टी-नूडल्समधल्या शिंपल्यांचा. त्या चवीसाठी अर्ध्या कच्च्या ठेवतात आणि अर्ध्या कच्च्या शिंपल्यांतून काविळीचा विषाणू जाऊ शकतो. ‘ताक माउ केरांग’ (शिंपल्या नकोत) म्हटलं की वगळतात. बाकी, मलेशियात खाद्यपदार्थ हाताळणाऱ्यांना टायफॉइडची लस सक्तीची आहे, आणि नगरपालिका दुकानांना दर्जा देते, त्याची अ-ब-क पाटी भिंतीवर असते. कोपीतियामची, म्हणजे तिथल्या जुन्या पद्धतीच्या कॉफीच्या दुकानाची, रीतही माहीत हवी. दुकान एकाचं, आतल्या गाड्या दुसऱ्यांच्या. गाडीवर जाऊन पदार्थ आणि टेबलाचा नंबर सांगायचा, ताट आलं की त्याच माणसाला पैसे द्यायचे. पेय मात्र दुकानमालकाचं. ते न घेता बसलात तर तोंड वाकडं होतं, कुठे कुठे जादा पैसेही लावतात.

प्रवेशबंदीचा दावा साफ खोटा. बंद दार पाहून परतलेल्याने तो पसरवला असावा. 1833 चं श्री महामारियम्मन मंदिर दुपारी बंद असतं, सकाळी किंवा संध्याकाळी जा. 1801 च्या कपितान केलिंग मशिदीत नमाजाच्या वेळा सोडून पाहुण्यांना घेतात, अंगभर कपडे नसतील तर झगाही देतात. शुक्रवारी दुपारी जाऊ नका. क्वान यिन या करुणेच्या बौद्ध देवीच्या देवळात उंबऱ्यावर पाय देऊ नका, ओलांडून जा. ही तिन्ही ठिकाणं आणि 1818 चं सेंट जॉर्ज चर्च जवळजवळ एकाच रस्त्यावर, पायी फिरण्याच्या अंतरात आहेत.

आणि ती चित्रं. जॉर्जटाउनला युनेस्कोचा जागतिक वारसा दर्जा मलाका शहराबरोबर 2008 मध्ये मिळाला. अर्नेस्ट झखारेविच यांनी प्रसिद्ध सायकलवाली मुलं रंगवली 2012 मध्ये. म्हणजे वारसा चित्रांचा नाही, वारसा आहे तो अरुंद दर्शनी भागाच्या, खूप खोल दुकानघरांचा. मधे उजेड-वाऱ्यासाठी उघडा चौक, पुढे जोडलेला झाकलेला पादचारी ओटा. जुन्या भाडेनियंत्रण कायद्यामुळे ती पाडली गेली नाहीत. 2000 पासून तो कायदा संपला. चुन्याच्या भिंतीवर सिमेंट थापलेलं घर ओळखता येतं: ओल आत अडकते, रंग पापुद्र्यांनी सुटतो. खू कोंगसी या चिनी कुळाच्या वास्तूच्या छपराकडे मान वर करून बघा. चिनी मातीची भांडी फोडून, तुकडे कापून बसवलेली फुलं नि पक्षी आहेत. एवढ्यालाच तास जातो. मग केक लोक सी मंदिर 6-7 किलोमीटरवर आयेर इतामला, ते वेगळ्या सकाळी.

चौरस्ता बाजार विसरू नका. नाव आपल्याच ओळखीचं. तिथे जायफळाच्या फळाचा गर साखरेत मुरवून विकतात. कोकणात त्या सालीचं लोणचं घालतात, तेच फळ.