ट्रायपॉड, टायमर, बॅग: एवढ्याने फोटो हलायचा थांबत नाही

‘भक्कम ट्रायपॉड घ्या, खाली बॅग लटकवा, टायमर लावा, स्टॅबिलायझेशन (थरथर सावरणारी सोय) बंद करा, फोटो हलणारच नाही.’ फोटोग्राफीच्या ग्रुपवर हा सल्ला सतत फिरतो. तो अर्धाच आहे, आणि नवखी मंडळी त्यापायी चांगल्या लेन्सला दोष देत बसतात.

आधी टायमर. बोटाचा धक्का त्याने टळतो, हे खरं. पण डीएसएलआरमध्ये, म्हणजे आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यात, टायमर संपला की आरसा खाडकन वर जातो आणि त्या हादऱ्यातच शटर उघडतं. साधारण १/६० ते १ सेकंद या वेगांना हे सर्वांत जास्त नडतं. १/५०० ला थरथर दिसण्याआधीच फोटो होऊन जातो. ३० सेकंदांच्या एक्स्पोजरमध्ये सुरुवातीची थरथर सहसा जाणवतही नाही. पावसाळ्यात धबधबा रेशमी दिसावा म्हणून आपण १/४ ते १ सेकंद ठेवतो, म्हणजे नेमके त्याच पट्ट्यात सापडतो. अशा वेळी मिरर लॉकअप, म्हणजे आरसा आधीच वर नेऊन ठेवायची सोय, चालू करा. केबल रिलीज (कॅमेऱ्याला हात न लावता फोटो घ्यायचं वायरचं बटण) एकदा दाबा, आरसा वर जाईल. २-३ सेकंद थांबा, मग पुन्हा दाबा. मिररलेसमध्ये आरसा नाही, पण शटरचा पहिला पडदा हादरा देतोच. तिथे इलेक्ट्रॉनिक फर्स्ट कर्टन निवडा, म्हणजे पहिल्या पडद्याचं काम सेन्सरच करतो.

लटकती बॅग वाऱ्यात झुलते आणि ट्रायपॉडलाही हलवते. तिचा तळ जमिनीला जेमतेम टेकू द्या, भार मात्र ट्रायपॉडच्या हुकवरच राहू द्या. कॅमेऱ्याचा पट्टाही काढून ठेवा. फडफडणारा पट्टा पुरेसा त्रास देतो.

ट्रायपॉड कितीही भक्कम असो, मधला दांडा पूर्ण वर केलात की कॅमेरा एका काठीवर उभा राहतो. उंची हवी तर आधी पायांच्या वरच्या जाड नळ्या उघडा, खालच्या बारीक नळ्या शेवटी. जड टेलिफोटो लेन्सला कॉलर (ट्रायपॉडवर बसवायचं कडं) असेल, तर ट्रायपॉडवर कॅमेरा नव्हे, कॉलर बसवा.

स्टॅबिलायझेशन सरसकट बंद करायची गरज नाही. काही लेन्स ट्रायपॉड ओळखतात. काही जुन्या लेन्स मात्र स्थिर कॅमेऱ्यावर स्वतःच प्रतिमा सरकवतात. लेन्सची माहितीपुस्तिका बघा; खात्री नसेल तर बंद ठेवा.

टायमर किती सेकंदांचा, हेही जागेवरच तपासा. लाइव्ह व्ह्यू (मागच्या स्क्रीनवरचं थेट चित्र) १० पट मोठा करून ट्रायपॉडच्या पायाला हलकी टिचकी मारा आणि प्रतिमा शांत व्हायला किती वेळ लागतो ते मोजा. ३ सेकंद लागत असतील, तर २ सेकंदांचा टायमर पुरणार नाही.