एटी हिलेसमचं दुःख आणि आपली सुभाषितं

दुःख माणसाला मोठं करतं, आणि पुरावा म्हणून एटी हिलेसमचं नाव. असं काही वाचलं की मला राग येतो. तिच्या डायऱ्या सलग वाचल्या तर असं लिहायला हात धजणार नाही.

अ‍ॅन फ्रँक आपल्याकडे शाळेतली मुलंही ओळखतात. त्याच अ‍ॅमस्टरडॅममध्ये मार्च १९४१ मध्ये सत्तावीस वर्षांच्या एटी या ज्यू तरुणीने डायरीची पहिली वही लिहायला घेतली. शहर नाझींच्या ताब्यात होतं, पण वही सुरू झाली ती स्वतःच्याच मनाचा गुंता सोसवेना म्हणून. युलिउस श्पीर नावाच्या, हात पाहून स्वभाव ओळखणाऱ्या मानसोपचारकाकडे ती जाऊ लागली होती. वह्यांमध्ये डोकेदुखी आहे, मत्सर आहे, आईवरची चिडचिड आहे, श्पीरवरचं प्रेम आहे. घर धार्मिक वळणाचं नव्हतं. गुडघे टेकून प्रार्थना करायला ती बाथरूममधल्या काथ्याच्या पायपुसण्यावर शिकली, आणि हे लिहिताना तिला शरीरसंबंधांबद्दल लिहिण्याहून जास्त संकोच वाटला.

म्हणजे तिची वाढ पुढे वाट्याला आलेल्या नाझी छावणीने केलेली नाही. ती छावणीच्या आधी, रोज टेबलाशी बसून, स्वतःला न सोडता तिने केली. दुःखातच ते सामर्थ्य असतं तर ते सगळ्यांना मिळालं असतं. आउशवित्झच्या मृत्युछावणीतून वाचलेला लेखक एली वीझेल, त्याची श्रद्धा तिथल्या पहिल्याच रात्री जळून गेली, आणि त्याची साक्ष तिच्या साक्षीइतकीच खरी आहे.

१२ जुलै १९४२ ची तिची प्रार्थना मी पुन्हा पुन्हा वाचते. देवा, तू आम्हाला मदत करू शकत नाहीस हे मला कळतंय, तेव्हा आम्हीच तुला मदत करायला हवी, आमच्यातलं तुझं घर राखायला हवं, असा तिचा आशय. त्याच आठवड्यात हॉलंडमधून ज्यूंना घेऊन पहिली गाडी आउशवित्झला निघाली. या श्रद्धेत कसलंही आश्वासन नाही. सगळा भार माणसाने उचललेला आहे.

मित्र लपवायला तयार होते, तिने नकार दिला. आपल्या लोकांचं जे होईल ते माझं होवो, म्हणाली आणि वेस्टरबोर्कच्या छावणीत, जिथून ज्यूंना आउशवित्झला पाठवत, स्वतःहून कामाला गेली. हा निर्णय मला अजूनही पटत नाही. लपून जगलेले लोक काही कमी धैर्याचे नव्हते.

७ सप्टेंबर १९४३ ला आईवडील आणि भाऊ मिशासह तिला गाडीत चढवलं. गाडीतून तिने टाकलेलं पोस्टकार्ड शेतकऱ्यांनी उचलून पोस्टात टाकलं. आम्ही गात निघालो, असं त्यात आहे. ३० नोव्हेंबरला आउशवित्झमध्ये तिचा मृत्यू झाला, वय एकोणतीस. त्या वह्या छापायला कित्येक वर्षं कोणी प्रकाशक तयार नव्हता. पुस्तक आलं ते १९८१ मध्ये.

आता जो तो ते गाणंच सांगतो. दोनच आठवडे आधी, २४ ऑगस्टच्या पत्रात, रात्री गाडीसाठी उठवलेली तान्ही मुलं आहेत, पहारेकऱ्यांचे चेहरे पाहून उडालेला थरकाप आहे. या रात्रीनंतर पुन्हा हसणं पाप ठरेल, असं क्षणभर तिला मनापासून वाटलं होतं. पोस्टकार्डाचा फोटो शेअर करणाऱ्यांनी हे पत्रही शेअर करावं, पूर्ण.